मुकादम मेरेरची वही

इजिप्तहून परत आल्यावर गावात मला तीन प्रश्न विचारले गेले. शाळकरी पोरांनी विचारलं, 'ममी पाहिली का?' जुन्या मित्रांनी विचारलं, 'एकूण खर्च किती आला?' आणि ऐंशी ओलांडलेल्या माझ्या खालानं विचारलं, 'क्यूं रे, वां की नदी में पानी था क्या?'

बीड जिल्ह्यातल्या माणसाला हाच प्रश्न पहिल्यांदा सुचणार. गोदावरी आमच्या उत्तरेच्या शिवेवरून जाते. मांजरा आमच्याच बालाघाटच्या डोंगरात, पाटोद्याच्या बाजूला उगम पावते आणि पुढं दुसऱ्यांच्या मुलखात मोठी होते. बीड शहरातून वाहणारी बिंदुसरा वर्षातले बरेच महिने नुसती नावाची नदी असते. म्हणून खालाला मी आधी तेच सांगितलं. नदीला पाणी होतं. इतकं होतं, की चार मजली जहाज आम्हा सगळ्यांना घेऊन त्यावरून चाललं होतं आणि कुठं तळाला टेकलं नाही.

आता थोडं सविस्तर सांगतो.

मुलीनं हट्टच धरला म्हणून गेल्या हिवाळ्यात मी एका पर्यटन कंपनीच्या गटाबरोबर इजिप्तला गेलो. गटात पुणे-नाशिककडची मंडळी होती. सोबत चिवडा, मेथीचे खाकरे आणि लोणच्याच्या बाटल्या होत्या. अशा सहलीचा आराखडा साधारण ठरलेला असतो. आधी कैरो, तिथं गिझाचे पिरॅमिड आणि संग्रहालयं. मग विमानानं दक्षिणेला आस्वानला जायचं. तिथून जहाजात बसायचं आणि तीन रात्री, चार दिवस नदीच्या प्रवाहाबरोबर लक्झरपर्यंत यायचं. वाटेत कोम ओम्बो, एडफू अशी देवळांची गावं लागतात. जहाज काठाला लागतं, गाईड छत्री उंच धरून पुढं चालतो, आपण त्याच्या मागं. दीड तासानं पुन्हा जहाजावर. जेवण, ऊन, काठावरची खजुरीची झाडं, पुढचं गाव.

एवढ्या धावपळीत देवळं, राजे, देव यांची नावं डोक्यात एकमेकांत मिसळतात. पण एक गोष्ट नकाशासारखी पक्की झाली, ती म्हणजे नदी. इजिप्त हा देश म्हणजे वाळवंटातून गेलेली एक हिरवी पट्टी. आस्वानला वर्षानुवर्षं पाऊस जवळजवळ पडतच नाही. देशातली बहुतेक सगळी माणसं या अरुंद पट्टीत आणि उत्तरेच्या त्रिभुज प्रदेशात राहतात. नाईल दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते, आणि वारा बहुतेक वेळा उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतो. म्हणजे उत्तरेला जायचं तर प्रवाह नेतो, दक्षिणेला जायचं तर शीड उभारलं की वारा नेतो. देवानं दोन्ही बाजूंचं भाडं माफ केलेली ही नदी. जुन्या चित्रलिपीत 'दक्षिणेला जाणं' लिहायचं तर शीड उभारलेली होडी काढत आणि 'उत्तरेला जाणं' लिहायचं तर शीड उतरवलेली होडी. मी कविता लिहिणारा माणूस. नदी आणि वारा यांनी मिळून दिशांसाठी शब्द घडवले, हे ऐकून मला त्या दिवशी दुसरं काही पाहायला नको वाटलं.

तसंच काठांचं. सूर्य उगवतो तो पूर्व काठ जिवंत माणसांचा, मावळतो तो पश्चिम काठ मेलेल्यांचा. म्हणून लक्झर गाव आणि कर्णाकचं मंदिर पूर्वेला, तर राजांची थडगी असलेलं खोरं पश्चिमेला. गिझाचे पिरॅमिडही पश्चिमेलाच आहेत. ही एवढी खूण लक्षात ठेवली, तर गाईड नसला तरी माणूस वाट चुकत नाही.

कोम ओम्बोच्या देवळाच्या आवारात एक खोल, गोल विहीर आहे. ती पाणी पिण्यासाठी नव्हती, पाणी मोजण्यासाठी होती. इंग्रजीत तिला नायलोमीटर म्हणतात, आपण तिला नदीमाप म्हणू. पूर आला की विहिरीतली पातळी चढे. खुणेवरून समजे, यंदा शेतात किती गाळ आणि किती पाणी येणार. पूर कमी आला तर दुष्काळ, फार आला तर गावं वाहून जाणार. मधल्या मापाचा पूर आला की पीक चांगलं, आणि त्यावरूनच सरकारी सारा ठरे. म्हणजे आपल्याकडं नजर आणेवारी पीक उभं राहिल्यावर होते, तिथं ती पेरणीच्या आधीच व्हायची. पुढं मुसलमानी अमलातही ही पद्धत चालू राहिली. कैरोच्या रोडा बेटावर अब्बासी खलिफा मुतवक्किल याच्या काळात, इ.स. ८६१ मध्ये बांधलेलं नदीमाप आजही पाहायला मिळतं. मधोमध अष्टकोनी खांब, त्यावर हातांच्या खुणा, भोवती खाली उतरत जाणारा जिना.

त्या जिन्याच्या तोंडाशी उभा राहिलो तेव्हा मला आमची खजाना विहीर आठवली. बीडजवळची ही विहीर १५८२ साली, अहमदनगरच्या मुर्तुजा निजामशहाच्या काळात, बीडचा जहागीरदार सलाबतखान यानं बांधवून घेतली. बांधणारा स्थपती होता राजा भास्कर. जमिनीखालून दगडी भुयारी पाट काढून पाणी विहिरीत आणलं आणि विहिरीतून पुढं शेतीला दिलं. कितीही दुष्काळ पडला तरी तिचं पाणी आटत नाही, अशी तिची ख्याती आहे. गटातल्या मंडळींना मी हे सांगितलं, तर एक बाई म्हणाल्या, 'अहो, मग तुमच्या बीडला सहल का काढत नाहीत?' याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं.

लक्झरच्या मंदिरातही असंच पाऊल थबकलं. त्या मंदिराच्या आवारातच, जुन्या खांबांवर, अबुल हज्जाज या सूफी संताची मशीद उभी आहे. मशीद बांधली तेव्हा मंदिर वाळूत आणि मातीत अर्धंअधिक गाडलं गेलं होतं. त्या वेळच्या जमिनीच्या पातळीवर मशिदीचं दार होतं. पुढं उत्खनन झालं, वाळू निघाली आणि ते जुनं दार भिंतीत उंचावर लोंबकळत राहिलं. आता ये-जा दुसऱ्या बाजूनं होते. मी मगरिबच्या नमाजेला आत गेलो. बाजूच्या दगडावर साडेतीन हजार वर्षांपूर्वीची चित्रलिपी कोरलेली. दरवर्षी संताच्या उरुसाला गावातून होडीची मिरवणूक निघते. फार पूर्वी याच गावात आमून देवाच्या मूर्तीची मिरवणूक होडीतून निघायची. आमच्याकडच्या दर्ग्यांचे संदल आणि देवीच्या पालख्या एकाच रस्त्यानं जाताना लहानपणापासून पाहिल्यामुळं असेल, मला यात नवल वाटलं नाही. घरी आल्यासारखं वाटलं.

पण मला सांगायचं आहे ते वेगळंच. ते सुरू झालं उसापासून.

कोम ओम्बोकडून पुढं निघाल्यावर काठावर ऊस दिसायला लागला. आधी वाटलं, लव्हाळं असेल. मग ओळखीचे तुरे दिसले. गाईडला विचारलं. तो म्हणाला, 'हा आमचा ऊसपट्टा. कोम ओम्बोला, एडफूला साखर कारखाने आहेत.' जानेवारीचा महिना, हंगाम सुरू झालेला. लक्झरच्या बाजूला तर अरुंद रुळांवरून उसाच्या वाघिणी जाताना पाहिल्या. याच कोम ओम्बोच्या परिसरात १९६३-६४ मध्ये नुबियाची सुमारे पन्नास हजार माणसं आणून वसवली गेली. आस्वानचं मोठं धरण होणार होतं, त्यांची गावं पाण्याखाली जाणार होती. त्याच धरणाच्या पाण्यातून अबू सिंबलची देवळं वाचवायला जगभरातून पैसा आला. १९६४ ते १९६८ या काळात डोंगरातली ती देवळं कापून पासष्ट मीटर वर नेऊन पुन्हा जोडली. आम्ही ती पाहिली, सांधा कुठं आहे ते शोधूनही सापडत नाही. माणसांचा सांधा मात्र लगेच दिसतो. गाईडची आजी नुबियाची. तो म्हणाला, तिला नव्या गावात आयुष्यभर नदीचा आवाज ऐकू येत नसल्याची तक्रार होती. आपल्याकडं जायकवाडीच्या पाण्याखाली ज्यांची गावं गेली, त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

मी गाईडला म्हणालो, 'आमच्या जिल्ह्यातले लाखो लोक दरवर्षी ऊस तोडायला घर सोडून जातात.' मग त्याला एक गंमतही सांगितली. साखरेला आपल्याकडं शर्करा म्हणत. तो शब्द फारसीत शकर झाला, अरबीत सुक्कर झाला. आणि इजिप्तचं अरबी नाव मिस्र. तिथली साखर एके काळी इतकी नावाजलेली होती, की आम्ही उर्दू-हिंदीत खडीसाखरेला मिस्री म्हणू लागलो. शब्द आमच्याकडून निघून तुमच्याकडं आला आणि तुमच्या देशाचं नाव घेऊन परत आला. तो हसला. म्हणाला, 'मग तुम्हाला एका मुकादमाची गोष्ट सांगतो.' त्याचा शब्द अर्थात इंग्रजी होता. 'मुकादम' हे माझं भाषांतर, पण ते अगदी चपखल आहे.

खुफूचा मोठा पिरॅमिड सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचा. अंदाजे तेवीस लाख दगड, सुरुवातीची उंची सुमारे १४६ मीटर. हे सगळं कुणी बांधलं, याचं उत्तर फार दिवस 'गुलामांनी, चाबकाखाली' असं दिलं जाई. सिनेमातही तेच. पण १९९० मध्ये गिझाला पिरॅमिडजवळच कामगारांची कबरस्तानं सापडली. त्यांच्या वस्तीचे, भट्ट्यांचे, धान्यकोठारांचे अवशेष मिळाले. हाडांवरून दिसतं, की कंबर आणि गुडघे झिजलेले होते, मोडलेली हाडं बसवून बरी केलेली होती. राजाच्या थडग्याच्या सावलीत गुलामाला कबर कोण देईल? ही पगारी, म्हणजे भाकरी आणि बिअरच्या शिध्यावर राबणारी माणसं होती.

मग २०१३ मध्ये तांबड्या समुद्राच्या काठी, वादी अल-जर्फ या ठिकाणी, फ्रेंच संशोधक पिएर ताले यांच्या तुकडीला पपायरसचे तुकडे सापडले. लिहिलेले असे इतके जुने पपायरस जगात दुसरे नाहीत. त्यांत ना कुठली प्रार्थना होती, ना राजाची स्तुती. ती होती मेरेर नावाच्या एका मुकादमाची रोजनिशी. त्याच्या हाताखाली सुमारे चाळीस माणसांची टोळी. काम एकच, नदीच्या पूर्व काठावरच्या तुरा इथल्या खाणीतून पांढरा चुनखडीचा दगड होडीत भरायचा आणि गिझाला पोचवायचा. पुराचे महिने होते. पाणी चढलेलं असताना कालव्यांतून होडी थेट पिरॅमिडच्या पायथ्याजवळ नेता येई. वहीत रोजचा हिशेब आहे. आज दगड भरले, आज होडी निघाली, रात्री अमुक ठिकाणी मुक्काम, उद्या रिकामी परत. शिधा किती आला, तेही. २०१६ मध्ये कैरोच्या संग्रहालयात ही पानं लोकांना दाखवली गेली. गाईडनं मला मोबाईलवर छायाचित्र दाखवलं. वर दिवसांची आडवी ओळ, खाली रोजच्या नोंदींचे उभे रकाने.

मी दचकलो. ही वही मी पाहिलेली आहे. आमच्या गावातल्या प्रत्येक मुकादमाच्या खिशात ती असते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. दसरा-दिवाळी झाली की आमच्या जिल्ह्यातून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ते मार्च-एप्रिलपर्यंत. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम आधी उचल देतो, मग हंगामभर तोडलेल्या टनांतून ती फेडायची. फडात पहाटे उतरायचं, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची. एक दिवस कामावर गेलं नाही की खाडा, आणि खाड्याचा दंड. माझ्या वर्गातली अर्धी मुलं दिवाळीनंतर शाळेतून गायब व्हायची. मी बी.ए.पर्यंत पोचलो, ते फडाच्या कडेला वाढले. एवढाच आमच्यातला फरक, आणि त्यात माझं कर्तृत्व काही नाही.

लक्झरच्या पश्चिम काठावर गटाची बस राजांच्या खोऱ्याकडं जाते. तुतनखामेनचं थडगं तिथलंच, १९२२ मध्ये सापडलेलं. त्यातला खजिना आता कैरोजवळच्या, नोव्हेंबर २०२५ मध्ये उघडलेल्या नव्या भव्य संग्रहालयात आहे. पण या खोऱ्याच्या अलीकडं देर अल-मदिना नावाची एक पडकी वस्ती आहे. बऱ्याच सहलींत तिला वेळ नसतो. मी हट्ट केला आणि अर्धा तास मिळवला. राजांची थडगी खोदणाऱ्या, रंगवणाऱ्या कारागिरांचं हे गाव. तटाच्या आत साठ-सत्तर घरं, कमरेएवढ्या दगडी भिंती, मधून एक बोळ. पगार धान्यात, गहू आणि जव. तिसऱ्या रामेसिसच्या राज्याच्या एकोणतिसाव्या वर्षी, म्हणजे इ.स.पूर्व ११५०च्या सुमारास, हे धान्य थकलं. कारागिरांनी हत्यारं खाली ठेवली, चौक्या ओलांडल्या आणि देवळामागं जाऊन बसले. भूक आणि तहान आम्हाला इथं घेऊन आली, असं त्यांचं म्हणणं लेखनिकानं लिहून ठेवलं. तो कागद आज इटलीत तुरीनच्या संग्रहालयात आहे. नोंद असलेला हा जगातला पहिला संप मानतात.

त्याच गावाचा आणखी एक दस्तऐवज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. चुनखडीची एक शिळा, दुसऱ्या रामेसिसच्या चाळिसाव्या वर्षातली, म्हणजे सव्वातीन हजार वर्षांपूर्वीची. ते कामगारांचं हजेरीपत्रक आहे. चाळीस माणसांची नावं, त्यांच्यापुढं कामावर न आल्याच्या तारखा आणि त्या तारखांच्या वर लाल शाईनं गैरहजेरीची कारणं. आजारी होता. डोळे आले होते. विंचू चावला. बिअर गाळत होता. आईचं प्रेत गुंडाळत होता. आणि काही ठिकाणी, बायकोला रक्तस्राव होत होता, मुलीला रक्तस्राव होत होता.

म्हणजे घरातल्या बाईला पाळी आली म्हणून पुरुष कामावर आला नाही, आणि लेखनिकानं ते कारण लिहून घेतलं. पुरुषानं घरी नेमकं काय केलं असेल, यावर अभ्यासकांत चर्चा आहे. पण कारण म्हणून ते नोंदवण्याजोगं होतं, एवढं दगडावर आहे.

मला तिथं उन्हात उभं राहून आमच्या जिल्ह्याचं नाव आठवलं, जे २०१९ मध्ये देशभर गाजलं होतं. ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. कारणं अनेक होती. कमी वयातली लग्नं आणि बाळंतपणं, फडावर न्हाणीघर-संडास नसणं, अंगावर काढलेले आजार, कॅन्सरची दाखवलेली भीती. आणि त्यांत हेही होतं, की पाळीच्या दिवसांत खाडा परवडत नाही.

इजिप्तचे फॅरो फार दयाळू होते, असं मला म्हणायचं नाही. देर अल-मदिनाचे लोक निवडक कारागीर होते, राजाला त्यांची गरज होती. खाणीत दगड फोडणाऱ्यांपैकी कितीजणांची हजेरी कुणी लिहिली असेल? जुन्या काळाला सोनेरी रंग देण्याचा धंदा मला जमत नाही. पण ज्या संस्कृतीनं राजाचं नाव अमर करण्यासाठी डोंगराएवढे दगड रचले, तिच्यातली मला सगळ्यात जवळची वाटलेली गोष्ट म्हणजे एका कामगाराच्या नावापुढं लाल शाईनं लिहिलेलं त्याच्या घरातल्या बाईचं दुखणं. राजांची नावं मी आज विसरलो आहे. ते हजेरीपत्रक विसरलो नाही.

कुणी इजिप्तला जाणार असेल तर माझं एवढंच सांगणं आहे. पिरॅमिड पाहा, कर्णाकचे १३४ खांब पाहा, जहाजाच्या डेकवर बसून सूर्यास्त पाहा. पण गाईडकडून देर अल-मदिनासाठी अर्धा तास मागून घ्या. आणि जाण्याआधी, जवळ असेल तर, खजाना विहिरीच्या पायऱ्या एकदा उतरून या.

परत आल्यावर मी आमच्या गल्लीतल्या एका मुकादमाकडं गेलो. हंगाम उतरत आला होता, तो चार दिवसांसाठी गावी आला होता. भला माणूस आहे, त्याचे आईवडीलही कोयतेच होते. त्याला मेरेरची गोष्ट सांगितली. त्याला ती फार आवडली. म्हणाला, 'साडेचार हजार वर्षं झाली म्हणता? म्हणजे आमची जात जुनी आहे की!' मग त्यानं त्याची वही दाखवली. कोयत्यांची नावं, उचल, टन, आणि खाड्याच्या दिवशी लहान लहान फुल्या. मी विचारलं, 'फुलीपुढं कारण लिहीत नाही?'

तो वही मिटत म्हणाला, 'लिहून काय करायचं, भाई? पैसे तर कापायचेच असतात.'

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)